संगीतोपचार म्हणजे गाणी ऐकवणं नव्हे: लकवा झालेल्या पेशंटच्या घरच्यांसाठी

घरातल्या बुजुर्गांना लकवा होतो, जीव वाचतो, पण बोलणं जातं. समोरचं सगळं कळतं, तरी "पाणी द्या" एवढंही तोंडातून निघत नाही. अशा वेळी डॉक्टरांनी 'म्युझिक थेरपी' सुचवली, की घरचे बुचकळ्यात पडतात. म्हणून हा विषय आम्ही इथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

बहुतेक माणसांत बोलण्याचं काम मेंदूचा डावा भाग सांभाळतो. सुरात म्हणताना मात्र उजवा भागही कामाला लागतो. १९७३ मध्ये अमेरिकेतील बोस्टनच्या तज्ज्ञांनी यावर आधारित एक पद्धत मांडली. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य उंच-खालच्या दोन सुरांत म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराला पेशंटच्या डाव्या हाताने ठेका द्यायचा. जमू लागलं की चाल हळूहळू कमी करत साध्या बोलण्यावर आणायचं. २०११ मध्ये डोक्यात गोळी लागलेल्या अमेरिकी खासदार गॅबी गिफर्ड्स यांना पुन्हा बोलतं करण्यात स्पीच थेरपीसोबत संगीतोपचाराचाही वाटा होता. पार्किन्सनच्या पेशंटला चालताना ठराविक ठेका ऐकवला, तर पावलं सुधारू शकतात.

हा इलाज आपल्या इतिहासालाही परका नाही. तुर्कस्तानातील एदिर्ने शहरात सुलतान बायझीद दुसरे यांनी १४८८ मध्ये दवाखाना उभारला. तिथे मानसिक रुग्णांना संगीत ऐकवत, असं सतराव्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी यांनी लिहून ठेवलं आहे.

संगीताबद्दल आपल्याकडे वेगवेगळी मतं आहेत. त्यावर निवाडा करणं आमचं काम नाही. तो सवाल आपल्या आलिमांना विचारावा. मात्र वर सांगितलेल्या बोलण्याच्या पद्धतीला वाद्य लागतच नाही, आवाज आणि हाताचा ठेका पुरतो. तुमची अडचण थेरपिस्टला मोकळेपणाने सांगा.

माणूस जाणकार आहे का, हेही पाहा. अमेरिकेत या कामासाठी पदवी, १२०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि परीक्षा लागते. आपल्याकडे कुणाकडे जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: शिक्षण कुठे झालं? आमच्या पेशंटसाठी नेमकं काय साधायचं आहे? सुधारणा कशी मोजणार? "सुरांनी कुठलाही आजार बरा करतो, गोळ्या बंद करा" असं कुणी म्हणालं, तर तिथून निघा.

फायदा सर्वांना सारखा होत नाही, आणि वेळही लागतो. औषधं, फिजिओथेरपी, स्पीच थेरपी चालूच ठेवावी. हा त्यांना जोड देणारा इलाज आहे. आणि एक लक्षात असू द्या: बोलणं गेलं म्हणून माणसाची समज गेली असं नसतं. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल नव्हे, त्यांच्याशी बोला.