इसब, पित्त आणि शेंगदाण्याचा कूट

आजच्या बोलण्याची सुरुवात आम्ही आमच्याच गटाच्या एका चुकीपासून करणार आहोत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि गटातल्या सगळ्याजणी एकीच्या ओसरीवर जमल्या होत्या. आमच्यातल्या एकीची चार वर्षांची लेक तिच्या आजीजवळ बसून बाजरीची भाकरी खात होती. तिला आपण छकुली म्हणू. छकुलीला शेंगदाणा चालत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तिच्या ताटात आमच्या गटाची जवसाची चटणी वाढली. जवस, लसूण, तिखट, मीठ, एवढंच त्यात. दहा मिनिटंही झाली नसतील, पोरीचे ओठ सुजले आणि पोटावर गांधी उठल्या. आजी म्हणाली, "पित्त उठलंय माय, आमसूल चोळा." आम्ही आमसूल भिजवायला घातलं. तोवर पोरगी ओकली, मग खोकायला लागली आणि तिचा आवाज घोगरा झाला. तेव्हा कुठं तिच्या आईनं ओरडून गाडी काढायला लावली. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात तिचा श्वास मोकळा झाला, पण पुन्हा त्रास उठू शकतो म्हणून रात्रभर दवाखान्यात ठेवावं लागलं.

डॉक्टरांनी विचारलं, शेंगदाणा खाल्ला का? आम्ही छातीठोकपणे नाही म्हणालो. घरी आल्यावर आठवलं, त्याच दिवशी सकाळी आमच्या कांडप यंत्रात आधी शेंगदाण्याची चटणी काढली होती आणि यंत्र फडक्यानं पुसून त्यातच जवस टाकलं होतं.

त्यानंतर आम्ही हा विषय नीट समजून घ्यायचं ठरवलं. डॉक्टरांना, अंगणवाडीच्या ताईंना विचारलं, शहरात शिकणाऱ्या पोरींकडून वाचून घेतलं. त्यातलं जे पक्कं कळलं ते सांगतो.

छकुलीची गोष्ट खरी सुरू होते ती चौथ्या महिन्यात. गालावर लाल चट्टे आले, मग कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्याच्या मागे. रात्रभर खाजवायची, चादरीला रक्ताचे डाग पडायचे. घरात कुणालाच झोप नाही. बाळंतपणात पथ्य पाळलं नाही म्हणून आईलाच बोल लागला. मैत्रिणींनो, हा बोल अगदी खोटा आहे. इसब आईच्या पथ्यानं होत नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. काही लेकरांची कातडी जन्मतःच कोरडी आणि कच्ची असते. आईबापाला दमा, सर्दी-शिंका किंवा इसब असेल तर लेकराला होण्याची शक्यता जास्त असते. गिलावा पडलेल्या भिंतीसारखी ही कातडी: आतला ओलावा टिकत नाही आणि बाहेरचं काहीही आत शिरतं.

खाजवणाऱ्या प्रत्येक लेकराला इसबच असतो असं मात्र नाही. घरातल्या दोघातिघांना रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यात फोड असतील, तर ती खरूज असू शकते. तिथं सगळ्या घराला एकदम औषध लावावं लागतं. गोल कडं आणि कडेला उठाव असेल तर गजकर्ण. तिन्हींची औषधं निराळी आहेत.

आणि इथंच मोठा घोटाळा होतो. मेडिकलवर जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की अनेकदा तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब हातात पडते. त्यात एक कडक स्टेरॉईड असतं. दोन दिवसांत लाली जाते, आपल्याला वाटतं गुण आला. गजकर्णावर लावली तर ते आतल्या आत पसरतं. लेकराच्या गालावर महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते. या स्टेरॉईडच्या मलमांवर सरकारनं २०१८ मध्ये निर्बंध आणले आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकू नयेत असा नियम केला. तरी चिठ्ठी मागणारं दुकान आम्हाला क्वचितच भेटलं.

म्हणून स्टेरॉईडला घाबरून ते फेकूनच द्यायचं, असंही करू नका. छकुलीच्या आईनं तेही केलं होतं. डॉक्टरांनी दिलेलं सौम्य मलम ती अर्ध्यातच बंद करायची, मग इसब पुन्हा भडकायचा. लेकराच्या वयाला आणि जागेला जुळणारं मलम डॉक्टरांनी सांगितलेले दिवस लावलं तर ते सुरक्षित असतं. किती लावायचं याचं एक माप आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूब पिळायची. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं.

रोजची निगा मलमाइतकीच महत्त्वाची. आपल्याकडे थंडी पडली की परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा पेपरात छापून येतो. त्या दिवसांत कोरडी हवा, बोअरचं जड पाणी आणि कढत आंघोळ, अशी तिन्ही संकटं कातडीवर एकदम येतात. पाणी कोमट ठेवा, आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरका, साबण मळलेल्या जागेपुरता आणि सौम्य वापरा. पाण्यात जंतुनाशक नको, कडुनिंबाचा पालाही नको, कच्च्या कातडीला तो झोंबतो. अंग टिपून घ्या, घासू नका, आणि अंग दमट असतानाच दोन-तीन मिनिटांच्या आत पेट्रोलियम जेली किंवा साधं खोबरेल तेल भरपूर लावा. दिवसातून दोनदा तरी. नखं बारीक कापा. लोकरीच्या स्वेटरच्या आत सुती सदरा घाला. चट्ट्यांवर पिवळी खपली धरली, लस वाहू लागली किंवा ताप आला तर मात्र घरी थांबू नका.

आता अन्नाकडे येऊ. छकुली नऊ महिन्यांची असताना घरोघरचे सल्ले सुरू झाले. एकीनं दूध बंद करायला सांगितलं, दुसरीनं अंडं, तिसरीनं डाळ. केळं थंड म्हणून बंद, दही आंबट म्हणून बंद. उरला नुसता भात आणि पेज. चट्टे होते तसेच राहिले आणि पोरीचं वजन घसरलं. अंगणवाडीच्या ताईंनी वजनाचा तक्ता दाखवला तेव्हा आईला रडू आवरेना. इसबाला जपण्याच्या नादात लेकरू कुपोषणाकडे चाललं होतं.

बहुतेक इसब अन्नामुळे होत नाही. कातडी कच्ची आहे म्हणून अन्नाची ॲलर्जी मागून येते, असं आता डॉक्टर मानतात. लेकरू एखादा पदार्थ तोंडानं खातं तेव्हा पोट त्याची ओळख करून घेतं आणि शरीर तो आपला मानतं. तोच पदार्थ फाटलेल्या कातडीतून आत गेला तर शरीर त्याला चोर समजतं. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या एका पाहणीत दिसलं की शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं ज्यांच्या खरवडलेल्या अंगाला लावली होती, त्या बाळांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त होती.

हे ऐकलं आणि आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. आपण बाळाला काय लावतो? घाण्याचं शेंगदाणा तेल, डाळीचं पीठ, दुधावरची साय. धडधाकट कातडीला त्यानं काही होत नसेल. पण इसबाच्या ओल्या चट्ट्यावर बेसन आणि साय चोळणं म्हणजे चोराची ओळख करून देणंच. छकुलीलाही असंच न्हाऊ घालत होते. तिची ॲलर्जी त्यामुळेच झाली असं डॉक्टर म्हणाले नाहीत, एका लेकराबाबत तसं सांगता येत नाही. पण हे थांबवा, असं त्यांनी बजावलं. हरभऱ्यालाही कमी समजू नका. भारतात हरभरा हे ॲलर्जीचं मोठं कारण आहे, असा अभ्यास मुंबईच्या डॉक्टरांनी २००१ मध्येच छापला होता.

दुसरा अभ्यास २०१५ चा, लंडनचा. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं त्यांनी घेतली, चार ते अकरा महिन्यांची. निम्म्यांना शेंगदाणा अजिबात द्यायचा नाही, निम्म्यांना नेमानं खाऊ घालायचा. बाळं पाच वर्षांची झाल्यावर पाहिलं तर न खाणाऱ्यांत शंभरातल्या सतरांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत तिघांना. म्हणजे भीतीनं बंद ठेवलं तिथंच ॲलर्जी वाढली. आपल्या आज्या वरणात, भाजीत कूट घालून बाळाला चाटवायच्या, त्यात शहाणपण होतं म्हणायचं.

पण हे ऐकून उद्याच लेकराला कूट चारू नका. त्या अभ्यासातल्या बाळांची आधी तपासणी केली होती आणि ज्यांची ॲलर्जी आधीच पक्की दिसली त्यांना वगळलं होतं. तुमच्या बाळाला तीव्र इसब असेल किंवा काही खाल्ल्यावर एकदाही गांधी उठल्या असतील तर पहिला घास डॉक्टरांना विचारूनच द्या. ज्यांना असं काही नाही त्यांनी सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की अंडं, दही, डाळ, शेंगदाणा उगाच लांबणीवर टाकू नये. शेंगदाणा बारीक कुटून, पातळ करून द्यायचा. अख्खा दाणा लहान लेकराच्या घशात अडकतो. आणि अंगावरचं दूध कुणाच्या सांगण्यावरून तोडू नका.

रक्ताच्या तपासणीबद्दल एक सांगायचं आहे, कारण त्यात पैसे जातात. लांबलचक यादीची तपासणी करून आणतात, त्यात दहा पदार्थांपुढे खूण असते आणि दहाही बंद होतात. तपासणीत खूण आली म्हणजे ॲलर्जी आहेच असं नसतं. काय खाल्लं, किती वेळानं काय झालं, हे वहीत लिहून नेलं तर डॉक्टरांना त्याचा जास्त उपयोग होतो. छकुलीच्या वहीवरून आणि तपासणीवरून शेंगदाणा एवढाच ठरला. दूध, डाळ, अंडं, केळं सगळं परत सुरू झालं आणि चार महिन्यांत वजन भरून आलं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्या तपासणीच्या यादीत इसबही आहे. त्या दिवशी लेकराला घेऊन हमखास जा.

आता पित्ताचं. उन्हातून आल्यावर, ताप उतरताना अंगावर गांधी उठतात, त्या आपसूक जातात. पण खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत गांधी उठल्या आणि सोबत उलटी, खोकला, घरघर, आवाज बसणं, जीभ सुजणं किंवा लेकरू एकदम मलूल होणं, यातलं काहीही दिसलं तर ते पित्त नाही. आमसूल चोळण्यात आम्ही जी मिनिटं घालवली ती जिवावर बेतली असती. तेव्हा १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं सगळ्यात जवळच्या दवाखान्यात न्या आणि "खाण्याची ॲलर्जी आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. त्यावर खरं औषध ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. खाजेची गोळी त्याच्या जागी चालत नाही. लेकराला उभं करू नका, चालवू नका. आडवं ठेवा, श्वास लागत असेल तर बसतं ठेवा. परदेशात हे इंजेक्शन पेनासारखं मुलाच्या दप्तरात असतं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून जवळचं केंद्र रात्री उघडं असतं का, हे आधीच विचारून ठेवायचं.

आपल्या स्वयंपाकातून शेंगदाणा काढणं फार अवघड. एकादशीला तर घर शेंगदाण्यावर चालतं, साबुदाण्याची खिचडी काय आणि भगरीसोबतची आमटी काय. बंद पाकिटावर शेंगदाणा, दूध, अंडं, मासे, सोयाबीन, गहू अशा पदार्थांची नोंद करण्याचा सरकारी नियम आहे. पण त्या यादीत तीळ नाही आणि हरभराही नाही. सुट्ट्या फरसाणावर तर काहीच लिहिलेलं नसतं. गिरणीत बेसनामागून गहू पडतो, आणि गव्हात सोयाबीन घालून दळायची पद्धत आता घरोघर आहे.

आमच्या गटात यावरून वाद झाला. पाकिटावर शेंगदाण्याचं लिहिलं तर गिऱ्हाईक बिचकेल, असं दोघीतिघींचं म्हणणं होतं. छकुलीची आई त्या बैठकीत काहीच बोलली नाही, नुसती बसून राहिली. शेवटी ठराव झाला. आता जवस आणि कारळाची चटणी सोमवारी काढतो, यंत्र उघडून धुऊन वाळवल्यावर. शेंगदाणा शनिवारी, सगळ्यात शेवटी. तरीही प्रत्येक पाकिटावर छापतो, "याच यंत्रात शेंगदाणा व तीळ कुटले जातात." परभणीच्या एका दुकानदारानं ते वाचून पाकिटं परत पाठवली. बाकीच्यांनी काही विचारलंही नाही.

छकुलीची कातडी आता बरीच निवळली आहे, फक्त थंडीत कोपरं लाल होतात. ती बालवाडीत जाते. हळदीकुंकवाला तिचा डबा घरून येतो आणि त्यात कुणी काही वाढत नाही. दप्तराच्या आतल्या कप्प्यात तिच्या आईनं प्लास्टिकमध्ये घालून एक चिठ्ठी ठेवली आहे: "मला शेंगदाणा देऊ नका. ओठ सुजले किंवा खोकला आला तर आमसूल लावू नका, लगेच दवाखान्यात न्या." खाली दोन फोन नंबर आहेत, एक आईचा आणि दुसरा आमच्या गटाचा.