मत मोकळं, वेळ मोजका

वसईचा अपक्ष, बोईसरची शिट्टी

ऑक्टोबर २००९मध्ये विवेक पंडित वसईतून विधानसभेवर निवडून आले. श्रमजीवी संघटनेतून वेठबिगारांच्या मुक्तीसाठी झगडणारे कार्यकर्ते, पाठीशी शिवसेना, पण उमेदवारी अपक्ष. त्याच निवडणुकीत नव्यानेच तयार झालेल्या बोईसर मतदारसंघात बहुजन विकास आघाडीचे विलास तरे जिंकले. काही महिने आधी पालघर लोकसभेची पहिली निवडणूक जिंकणारे बळीराम जाधव आघाडीचेच, आणि दिल्लीत आघाडीचे ते एकटेच.

बोलण्याच्या ओघात या तिघांचीही गणती 'अपक्ष' म्हणून होऊन जाते. कायद्याच्या लेखी अपक्ष एकटे पंडित. पक्ष फक्त नोंदणीकृत असो, सभागृहात त्याचा एकच माणूस असो, तो पक्षच. चिन्हाच्या बाबतीत मात्र मान्यता नसलेल्या पक्षाची गत अपक्षासारखीच होते. त्याला राखीव चिन्ह नसतं, मुक्त चिन्हांतून जे मिळेल ते घ्यायचं. २०१९च्या लोकसभेला आघाडीची शिट्टी दुसऱ्याच पक्षाला मिळाली आणि पालघरमध्ये जाधवांना ऐनवेळी रिक्षा चिन्हावर लढावं लागलं.

अर्ज भरताना

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. अनामत रक्कम सगळ्यांना सारखी. लोकसभेला २५ हजार, विधानसभेला १० हजार आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी. पालघर लोकसभा आणि बोईसर विधानसभा दोन्ही जमातींसाठी राखीव, त्यामुळे इथे १२,५०० आणि ५ हजार. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत की ती जप्त. मतदानयंत्रावर अपक्षांची नावं सगळ्या पक्षांच्या खाली येतात. आणि एक जरा कठोर तरतूद: मतदानाआधी मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार दगावला तर मतदान पुढे ढकललं जातं, अपक्ष दगावला तर नाही.

तारापूरचा प्रश्न कुठे विचारायचा?

निवडून आल्यावर कागदावर भेदभाव संपतो. प्रश्न विचारणं, शून्य प्रहरात विषय मांडणं, विधेयकाला दुरुस्ती सुचवणं, शुक्रवारी अशासकीय विधेयक आणणं हे हक्क प्रत्येक सदस्याचे. खासदार निधीही सगळ्यांना वर्षाला ५ कोटी. तारांकित प्रश्न कोणाचा लागतो ते सोडत ठरवते आणि सोडतीला पक्ष कळत नाही. माझ्या मते अपक्षाचं सगळ्यात कामाचं हत्यार हेच. मात्र ते कुठे चालवायचं याची जाण हवी.

समजा, उद्या पालघरने एक अपक्ष खासदार दिल्लीला पाठवला. तारापूर अणुवीजकेंद्र १९६९पासून चालू आहे आणि अणुऊर्जा खातं पंतप्रधानांकडे असतं. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी उठवलेल्या अक्करपट्टी आणि पोफरण या गावांच्या पुनर्वसनाबद्दल तो त्या खात्याला लोकसभेत विचारू शकतो. अणुभट्टीच्या गोपनीय तांत्रिक बाबींवर मात्र उत्तराची आशा धरू नये. गेटाबाहेर पडून तारापूर औद्योगिक वसाहतीत आलं की चित्र पालटतं. वसाहत एमआयडीसीची, सांडपाण्यावर पहिली देखरेख राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची. नवापूरच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या रासायनिक पाण्याचा जाब विचारायची मुख्य जागा म्हणजे विधानसभा. दिल्लीत केंद्रीय मंडळाने काय पाहणी केली एवढं विचारता येईल, पण बाकीचं 'राज्याच्या अखत्यारीतील' या दोन शब्दांत परत येऊ शकतं. वाढवण बंदराचा मामला दोन्हीकडचा. त्यात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६. सातपाटी-डहाणूच्या मच्छीमारांसाठी बोलणारा आमदार आणि खासदार एकाच आठवड्यात आपापल्या सभागृहात तोच विषय लावून धरू शकतात.

अशासकीय विधेयकाचं फारसं कौतुक करण्यात अर्थ नाही. आजवर संसदेने अशी १४च विधेयकं संमत केली, शेवटचं १९७०मध्ये.

घंटी लवकर वाजते

खरी अडचण चर्चेच्या वेळेची. तो पक्षांच्या संख्याबळावर वाटला जातो. २०२४च्या लोकसभेत ५४३पैकी सात अपक्ष निवडून आले. त्यांत सांगलीचे विशाल पाटील आहेत, आणि डहाणूच्या पुढे गुजरातची हद्द ओलांडली की लागणाऱ्या दमणचे उमेशभाई पटेलही. अर्थसंकल्पावर मोठ्या पक्षाचा वक्ता ऐसपैस बोलतो, एकांड्या सदस्याला काही मिनिटं मिळाली की अध्यक्षांची घंटी. समित्यांवरच्या जागाही साधारण याच हिशेबाने जातात. एकाच खासदाराच्या पक्षाचेही हेच हाल, म्हणून वर बळीराम जाधवांचं नाव घेतलं.

पाठिंबा चालतो, प्रवेश नाही

मतदानाच्या वेळी पारडं फिरतं. अपक्षावर पक्षादेश चालत नाही. पक्षाचा सदस्य व्हिपविरुद्ध गेला तर सदस्यत्व गमावू शकतो, अपक्ष आज सरकारच्या बाजूने आणि उद्या विरोधात मत देऊ शकतो. १९८५मध्ये राज्यघटनेत आलेल्या दहाव्या अनुसूचीने त्याच्यावर एकच पण कडक बंधन घातलं: निवडून आल्यानंतर कोणत्याही पक्षात जायचं नाही. राष्ट्रपतींनी नेमलेल्या सदस्याला यासाठी पहिले सहा महिने मोकळीक असते, अपक्षाला एक दिवसाचीही नाही.

प्रवेश आणि पाठिंबा यांतली रेघ पुसट आहे. हरियाणात काँग्रेसमध्ये गेलेल्या अपक्ष आमदारांना अध्यक्षांनी अपात्र ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये तो निर्णय कायम ठेवला, पण बाहेरून पाठिंबा देणं म्हणजे पक्षात जाणं नव्हे हेही स्पष्ट केलं. २०१९ला अमरावतीतून अपक्ष निवडून आलेल्या नवनीत राणा पाच वर्षं भाजपच्या बाजूने बोलल्या, पक्षात रीतसर गेल्या त्या मार्च २०२४मध्ये, पुढची निवडणूक तोंडावर आल्यावर. विशाल पाटलांनीही निकालानंतर काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं, प्रवेश केला नाही.

भाव कधी वधारतो

१९९५ला महाराष्ट्रात तब्बल ४५ अपक्ष आमदार निवडून आले. शिवसेना-भाजप युतीला त्यांच्याशिवाय सरकार बनवता येत नव्हतं. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील, काटोलचे अनिल देशमुख हे तेव्हाचे अपक्ष राज्यमंत्री झाले. मंत्री व्हायला पक्ष लागत नाही, गरज लागते. एकाच पक्षाकडे घसघशीत बहुमत असलं की हेच आमदार मतदारसंघाच्या कामांच्या फायली घेऊन मंत्रालयाचे जिने चढताना दिसतात.

राज्यसभेच्या निवडणुकीत मात्र त्यांची पत काही औरच. मतदान खुलं असतं. पक्षाचा आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो, आणि दाखवण्यात चूक झाली तर मत बाद होतं. १० जून २०२२च्या निवडणुकीत सेनेचे सुहास कांदे यांचं मत असंच गेलं. अपक्षाने मात्र ती कोणालाच दाखवायची नसते. त्या दिवशी सहाव्या जागेसाठी धनंजय महाडिक आणि संजय पवार यांच्यात चुरस होती, महाडिक निवडून आले. आधीचे काही दिवस मुंबईच्या हॉटेलांत आमदारांची जी बडदास्त चालली होती, तिच्यात अपक्षांच्या खोल्यांकडे जरा जास्तच लक्ष होतं.