आळ खिचडीवर, दोष चिखलाचा



गेल्या वर्षावासात रिसोडकडच्या एका वस्तीतल्या पोरांनी सायकलींची शर्यत घेतली. चौघांचा एक संघ, संघाला एकच सायकल, पांदणीतून आळीपाळीने फेऱ्या. संध्याकाळपर्यंत ज्यांच्या फेऱ्या जास्त, ते जिंकले. कल्पना मोबाइलवरून उचललेली. अमेरिकेत १९९२ पासून अशा शर्यती डोंगरात चोवीस-चोवीस तास चालतात. आपल्या काळ्या मातीत मात्र निम्मा वेळ सायकलच माणसाच्या खांद्यावर. तरी पोरं डोक्यापासून पायापर्यंत माखून हसत होती. आम्ही प्रथमोपचाराची पेटी घेऊन विहाराजवळ बसलो. खरचटण्यापलीकडे काही काम पडलं नाही.

काम पडलं तिसऱ्या दिवशी. ताप, पोटात कळा, जुलाब. एकाच्या शौचात तर रक्त. वस्तीने लगेच निकाल दिला : महिला मंडळाची खिचडी बाधली. दिवसभर चुलीपुढे बसलेल्या बाया रडकुंडीला आल्या. आम्ही घरोघर जाऊन विचारलं. खिचडी म्हाताऱ्यांनी खाल्ली, लेकरांनी खाल्ली, बायांनी स्वतः खाल्ली. त्यांना काही झालं नाही. पडले ते सायकल चालवणारेच.

जगात हे आधी घडलेलं आहे. २००७ मध्ये कॅनडातल्या स्क्वामिश इथे चिखलातल्या सायकल शर्यतीनंतर दोनशेहून जास्त स्पर्धकांना जुलाब झाले. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या वेल्समध्ये, बिल्थ वेल्स गावी, माहिती देणाऱ्या ३४७ स्पर्धकांपैकी १६१ जण आजारी पडले. दोन्हीकडे कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला, आणि नकळत तोंडात गेलेला चिखल हे मोठं कारण निघालं. हा जंतू गुरं, मेंढ्या, कोंबड्यांच्या आतड्यात राहतो. त्यांना बहुधा त्रास होत नाही, विष्ठेतून तो मातीत येतो. माणसाच्या पोटात गेला की साधारण दोन ते पाच दिवसांनी लक्षणं दिसतात, म्हणून शर्यतीचा दिवस कुणाला आठवत नाही आणि आळ कालच्या ताटावर येतो.

आता आपली पांदण आठवा. गुरांची वाट तीच, बकऱ्यांची तीच, आणि लिहायला बरं वाटत नाही, पण पहाटे लोटा घेऊन जायची वाटही तीच. वर पोरं पावसाळ्यात सायकलचं मडगार्ड काढून टाकतात. त्यांचं चूक नाही. काळी माती मडगार्डात भरली की चाक फिरत नाही. पण मग पुढच्या चाकाचा चिखल थेट तोंडावर उडतो, आणि दांडीला अडकवलेल्या पाण्याच्या बाटलीवरही. तीच बाटली तोंडाला लावायची. शाळेत सायकलने जाणाऱ्या आपल्या पोरींचंही हेच चालतं, फक्त त्याला कुणी शर्यत म्हणत नाही.

उपाय खर्चाचा नाही. तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा उभा कापून पट्टी काढा आणि ती पुढच्या चाकामागच्या तिरप्या दांडीला सुतळीने बांधा. चाकापासून अंतर राहतं, म्हणून माती अडकत नाही. बाटली झाकणाची घ्या आणि दप्तरात, पिशवीत ठेवा. चिखल तोंडात गेलाच तर गिळू नका, थुंका, चूळ भरा. खाण्याआधी हात साबणाने धुवा. पँटला पुसलेला हात धुतलेला होत नाही.

जुलाब लागले तर पाणी तोडू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ; चमचा चहाचा. आशाताईंकडे ओआरएसची पाकिटं मिळतात, ती आणखी बरी. रक्त पडलं, ताप उतरला नाही किंवा लघवी कमी झाली तर दवाखाना गाठा. जुलाब बंद करायची गोळी दुकानातून मनाने घेऊ नका. आणि जुलाब थांबल्यावर काही दिवसांनी, आठवड्यांनी पायात मुंग्या, अशक्तपणा, जिना चढवेना असं झालं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड भागात जीबीएसची साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या शौचात हाच जंतू सापडला होता.

आमची पोरं बरी झाली. यंदा शर्यत पुन्हा ठरली आहे, डबे कापणं सुरू आहे. खिचडी त्याच बाया करणार आहेत. त्यांची अट एकच : विहाराच्या नळावर हात धुतल्याशिवाय पत्रावळ मिळणार नाही.