काळ्या कातळाखालचा ग्रॅनाइट

यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीच्या शिवारात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग काळा कातळ. त्या कातळाच्या पोकळ्यांत कधी कधी पांढरे, लखलखीत स्फटिक निघतात. झिओलाइट किंवा गारेचे हे स्फटिक दिसायला देखणे असले, तरी युरेनियमच्या शोधात निघालेल्या भूवैज्ञानिकाच्या ते कामाचे नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तयार झालेल्या बेसॉल्टमध्ये युरेनियम टनामागे जेमतेम ग्रॅमभर, बहुधा त्याहूनही कमी असते. ग्रॅनाइटमध्ये ते चार ग्रॅमच्या आसपास जाते. ग्रॅनाइटच्याच पोटातून निघणाऱ्या पेग्मॅटाइटच्या शिरांमध्ये मात्र एखाद्या हातभर जागेत ते याच्या शेकडो पट साठलेले असू शकते.

ग्रॅनाइट ढाणकीपासून फार लांब नाही. पैनगंगा ओलांडून नांदेड जिल्ह्यात शिरले, की पूर्वेकडे किनवट, बिलोली, देगलूर या भागांत बेसॉल्टचे पांघरूण विरते आणि अब्जावधी वर्षांचा जुना खडक उघडा पडतो. पश्चिमेकडे तोच खडक लाव्ह्याखाली दडलेला आहे. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखाली अवघा आठ मीटर गाळाचा थर आणि मग थेट हा पुरातन पाया लागला.

पेग्मॅटाइट होतो कसा? ग्रॅनाइटचा रस जमिनीखाली हळूहळू निवत जातो, तेव्हा फेल्डस्पार, गार आणि अभ्रक आधी स्फटिकरूप घेतात. युरेनियम, थोरियम, नायोबियम, टँटलम, लिथियम, बेरिलियम आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये यांचे अणू आकाराने किंवा विद्युतभाराने या खनिजांच्या जाळीत बसत नाहीत. लग्नाच्या पंगतीत जागा न मिळालेली मंडळी शेवटच्या पंगतीला एकत्र बसावीत, तशी ती उरलेल्या रसात गोळा होतात. या रसात पाणी आणि फ्लोरिन भरपूर असल्याने तो पातळ राहतो, खडकाच्या भेगांत घुसतो आणि त्यात स्फटिक प्रचंड वाढतात. अमेरिकेतल्या साउथ डकोटामधील एटा खाणीत स्पॉड्युमिन या लिथियमच्या खनिजाचे दहा मीटरहून लांब स्फटिक निघाले होते.

दुर्मिळ मृदांचा इतिहासही अशाच एका खाणीत सुरू झाला. स्वीडनमधल्या यिटरबी गावाजवळ १७८७ मध्ये कार्ल आरेनियस या लष्करी अधिकाऱ्याला एक जड, काळा दगड सापडला. योहान गाडोलिन यांनी १७९४ मध्ये त्यातून नवी ‘मृदा’ वेगळी केली. यिट्रियम, यिटर्बियम, टर्बियम आणि अर्बियम ही चार मूलद्रव्ये आज त्या गावाच्या नावाने ओळखली जातात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने ज्या सात दुर्मिळ मृदांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, त्यांत यिट्रियम आणि टर्बियमही होती.

भारतात युरेनियमसारख्या खनिजांचा शोध घेते अणुऊर्जा विभागाचे परमाणु खनिज संचालनालय. १९४९ मध्ये दा. नो. वाडिया यांच्या नेतृत्वाखाली छोट्या सर्वेक्षण पथकाच्या रूपाने त्याची सुरुवात झाली. मुख्यालय हैदराबादला आहे, मध्य विभागाचे कार्यालय नागपूरला. पथकाच्या हातात किरणोत्सार मोजणारे यंत्र असते, पण नुसत्या आकड्याने फसगत होते. पेग्मॅटाइटमधल्या गुलाबी फेल्डस्पारात पोटॅशियम असते आणि तेही किरण सोडते. मोनाझाइटमधले थोरियम तर यंत्राला चांगलेच बोलते करते. म्हणून किरणांची ऊर्जा वेगवेगळी मोजावी लागते: पोटॅशियमची १.४६, युरेनियमच्या साखळीतल्या बिस्मथची १.७६ आणि थोरियमच्या साखळीतल्या थॅलियमची २.६२ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. डोळ्यांनाही खुणा दिसतात. युरेनियमच्या काळ्या दाण्याभोवती गार धुरकट होते, फेल्डस्पार लालसर पडतो, आणि दाण्यापासून बारीक तडे चहूबाजूंना पसरतात.

एवढे होऊनही खाण क्वचितच होते. पेग्मॅटाइटमधले युरेनियम कप्प्याकप्प्यांनी विखुरलेले असते. इथे मूठभर मिळाले, तर पुढच्या पन्नास मीटरांत काहीच नाही. नेल्लोरच्या अभ्रक पट्ट्यात सापडणाऱ्या समर्स्काइटसारखी खनिजे साध्या आम्लात सहज विरघळतही नाहीत. कॅनडातले बँक्रॉफ्ट आणि नामिबियातले रॉसिंग हे मोठे अपवाद. झारखंडच्या जादूगुड्यात युरेनियम १९५१ मध्ये सापडले आणि १९६७ मध्ये खाण सुरू झाली, पण तिथला साठा पेग्मॅटाइटमधला नाही. कर्नाटकातल्या मंड्याजवळच्या पेग्मॅटाइटमध्ये १४,१०० टन लिथियम असल्याचा अंदाज २०२० मध्ये गाजला. संचालनालयाने पुढे नोंदवलेला प्राथमिक आकडा मात्र १,६०० टनांचा होता. महाराष्ट्राच्या नावावर आज ३५५ टन युरेनियम ऑक्साइड आहे, तेही पूर्व विदर्भातले. देशाचा आकडा चार लाख टनांच्या वर आहे. त्यामुळे पैनगंगेच्या काठी उद्या खाण निघेल, अशी आशा कुणी दाखवली तर ती सावधपणे ऐकलेली बरी.

तरीही या शोधाशी इथल्या माणसाचा एक अगदी जवळचा संबंध आहे, तो पाण्याचा. भूवैज्ञानिक दगडाबरोबरच विहिरी आणि बोअरचे पाणीही तपासतात, कारण खडकातले युरेनियम पाण्यात उतरते आणि वाढलेला आकडा साठ्याची दिशा दाखवतो. यवतमाळच्या झरी-जामणी, केळापूर, वणी भागांतली कित्येक गावे आजही खडकातूनच उतरलेल्या फ्लोराइडचे पाणी पितात. नदीपलीकडच्या किनवटचेही हेच दुखणे आहे. फ्लोराइडची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम आहे. युरेनियमसाठी जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. फ्लोराइडची तपासणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नेहमीच होते. युरेनियमला वेगळे उपकरण लागते आणि त्यासाठी पाण्याचे नमुने गोळा करणारी पथके याच भागातून फिरतात. ज्या विहिरीचे पाणी खनिजाच्या शोधासाठी बाटलीत भरले, तिचा आकडा त्या गावच्या ग्रामपंचायतीलाही मराठीत लिहून मिळाला पाहिजे. सर्वेक्षणाच्या खर्चात ही भर नगण्य आहे, आणि हंडा घेऊन रोज त्याच विहिरीवर जाणाऱ्या बाईचा तो हक्क आहे.