जास्तीचा दात, न आलेला दात : नशीब नको, तपासणी हवी

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत येणारा नऊ वर्षांचा एक मुलगा हसताना तोंडावर हात धरायचा. वरच्या दोन समोरच्या दातांपैकी एक आला होता, शेजारचा दोन वर्षे उलटूनही आला नव्हता. "येईल उशिरा," असे घरचे म्हणत राहिले. एक्स-रे काढल्यावर कळले, की हिरडीत एक जास्तीचा छोटा दात होता आणि त्याने खऱ्या दाताची वाट अडवली होती.

मुलांना दुधाचे दात 20 आणि कायमचे 32 येतात. काहींना त्यापेक्षा जास्त येतात, काहींचे मुळात तयारच होत नाहीत. जास्तीचा दात बहुधा वरच्या दोन समोरच्या दातांच्या मध्ये असतो. अक्कलदाढ सोडली तर खालची दुसरी उपदाढ किंवा वरच्या सुळ्याजवळचा छोटा दात नसण्याचे प्रमाण अधिक असते. यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे मात्र दातावर दात आला की 'नशीबवान' म्हणतात आणि मुलीचा दात नसेल तर दवाखान्याआधी तिच्या लग्नाची चिंता करतात. दोन्हींत उपचाराची वेळ निघून जाते.

प्रत्येक जास्तीचा दात काढावा लागतोच असे नाही. अडथळा करणारा दात छोट्या शस्त्रक्रियेने काढतात. तो वेळेत काढला तर खरा दात अनेकदा आपोआप खाली येतो. उशीर झाला तर तारा लावून ओढून आणावा लागू शकतो. कायमचा दातच नसेल तर त्या जागेचा दुधाचा दात जपणे महत्त्वाचे. तो किडला तर घाईने उपटू नका, आधी एक्स-रे काढून घ्या. मोकळी जागा तारांनी बंद करता येते किंवा काढता-घालता येणारा दात बसवता येतो. इम्प्लांट मात्र जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावरच, साधारण अठराव्या वर्षानंतर.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी आणि सरकारी शाळांत मुलांची मोफत तपासणी करतात, त्यात दातही येतात. पथक येईल तेव्हा पालकांनी दाताबद्दल आवर्जून विचारावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत.

आज घरी मुलांचे दात मोजा. एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा आला नसेल, तर वाट पाहू नका.