देव्हाऱ्यातला टाक ‘अँटिक’ म्हणून विकण्याआधी तो कुणाचा आहे, हे घरात विचारा

भोर-वेल्ह्याकडच्या जुन्या घरांत देव्हाऱ्यात खंडोबा-भवानीच्या शेजारी दोन-तीन बोटं उंचीचे धातूचे पत्रे दिसतात. एकावर ढाल-तलवार घेतलेला गडी, दुसऱ्यावर घोडेस्वार, तिसऱ्यावर लुगडं नेसलेली बाई. नाकडोळे पार झिजलेले.

हे टाक. देवांचे टाक सगळ्यांना माहिती असतात, पण काही टाक त्या घरातल्या गेलेल्या माणसांचे असतात.

सोनार चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून आकृती उठवतो आणि मागून तांब्याचा पत्रा बसवतो. घरातलं कुणी लढाईत पडलं, अकाली गेलं किंवा कर्तं माणूस गेलं, तर त्याचा टाक करून देवात बसवायचा, अशी ही पद्धत.

कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या भोरजवळ अंबवड्याला आहेत. पण मावळातल्या प्रत्येक घरच्या माणसासाठी दगड उभा राहिला नाही. त्यांची आठवण टाकाने धरून ठेवली.

सणावाराला टाक घासून धुतात, हळदकुंकू वाहतात, नैवेद्य दाखवतात. नाशकात तर धुळवडीला वीरांचे टाक हातात घेऊन वाजतगाजत मिरवणूक निघते आणि गोदावरीत त्यांना स्नान घालतात.

असंच काहीसं हजारो मैल लांब नायजेरियातही आहे. तिथल्या योरुबा समाजात जुळी मुलं जन्मण्याचं प्रमाण जगात सर्वाधिक मानलं जातं. जुळ्यांपैकी एक दगावलं, तर त्याच्यासाठी साधारण वीतभर उंचीची लाकडी मूर्ती कोरून घ्यायची प्रथा होती. तिचं नाव ‘एरे इबेजी’. आई त्या मूर्तीला अंघोळ घालायची, कपडे-मणी घालायची, खाऊ भरवायची. वर्षानुवर्षं हात फिरून मूर्तीचा चेहरा गुळगुळीत व्हायचा.

विसाव्या शतकात अशा असंख्य मूर्ती युरोप-अमेरिकेतल्या संग्रहांत गेल्या. काचेमागे ‘योरुबा, लाकूड’ एवढीच पाटी उरली. बाळ कुणाचं, आई कोण, हे बहुतेकींबद्दल आता सांगता येत नाही.

टाकांचंही तेच होतंय. जुने टाक मोडीत वजनावर जातात, नाहीतर ‘अँटिक पेंडंट’ म्हणून ऑनलाइन विकले जातात. गिऱ्हाईकाला आवडतो तो झिजलेला चेहरा. पण ती झीज म्हणजे त्या घरातल्या कित्येक पिढ्यांचे हात असतात.

मुख्य अडचण म्हणजे टाकावर सहसा नाव नसतं. कुठला टाक पणजोबांचा आणि कुठला त्यांच्या भावाचा, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक असतं. घरं पुण्या-मुंबईला गेली, देव वाटले गेले, की ही माहितीही सुटते.

म्हणून पुढच्या वेळी गावी गेलात की आजीला देव्हाऱ्यासमोर बसवा. एकेका टाकाचा फोटो काढा आणि आजी सांगेल ते नाव त्याच्याखाली लिहून ठेवा.