अग्नीवांचून कुरळे केस

न्हाणाच्या दिवशीं आई मुलीची वेणी सोडते, तेव्हां एक गोष्ट पुष्कळ मराठी घरांतून दिसते. आदल्या दिवसापासून घट्ट राहिलेली तिपेडी वेणी सुटली, कीं एरवीं सरळ असणारे केस पाठीवर लाटालाटांनीं उतरतात. मुलगी आरशांत पाहून हरखते. थोड्याच वेळांत डोक्यावर पाणी पडतें आणि त्या लाटा नाहींशा होतात. केस कुरळे कसे होतात आणि पुन्हां सरळ कां होतात, या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें या साध्या देखाव्यांत आहेत. आज त्यांचा उलगडा करावयाचा आहे; कारण लग्नसराई आली, कीं हेंच काम विजेच्या तापलेल्या चिमट्यानें उरकण्याची घाई होते, आणि त्या घाईची किंमत केसांना फार दिवस मोजावी लागते.

कुरळ्या बटांची हौस आपल्या भागाला नवी नाहीं. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला, आणि मराठी रंगभूमीचा पाया घातला. पुढें कित्येक वर्षें स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. कृष्णाकांठचें नागठाणें हें ज्यांचें गांव म्हणून ओळखलें जातें, त्या नारायणराव राजहंसांच्या, म्हणजेच बालगंधर्वांच्या, रंगभूमीवरील केशरचनेचें व पेहरावाचें अनुकरण घरंदाज स्त्रियाहि करूं लागल्या. नाटकांतला खऱ्या केसांचा टोप पाहा. तो कोणाच्या मस्तकांत रुजलेला नसतो. त्याला रक्त नाहीं, पोषण नाहीं. तरीहि तो ओला करून, कांडीभोंवतीं गुंडाळून वाळविला, तर त्याच्या बटा वळतात. यावरून उघड होतें, कीं बट वळण्याचें रहस्य माणसाच्या प्रकृतींत नसून केसाच्या धाग्यांत आहे.

हा धागा केराटिन नांवाच्या प्रथिनाचा असतो. त्वचेखालीं, मुळाशीं तो जिवंत असतो. त्वचेबाहेर आलेला भाग निर्जीव असतो. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. या हिशोबानें ६० सेंटिमीटर लांब वेणीचें टोंक सुमारें ४ वर्षांचें झालेलें असतें. हाताला थोडेसें भाजलें तर नवी कातडी येते. भाजलेल्या केसाजवळ स्वतःला सांधण्याचें कोणतेंच साधन नाहीं. तो कापावा लागतो, आणि तितकी लांबी पुन्हां येईपर्यंत वाट पाहावी लागते.

केसांत केराटिनाचे लांबच लांब रेणु शेजारीं शेजारीं असतात, आणि ते मुख्यतः दोन प्रकारच्या गांठींनीं बांधलेले असतात. पहिली गांठ गंधकाची. ती पक्की असून पाण्यानें सुटत नाहीं. दुसरी हायड्रोजनची. ती एकेकटी दुबळी. परंतु तशा गांठी अगणित असल्यामुळें कोरड्या केसाला आलेलें वळण त्या टिकवून धरतात. केसांत पाणी शिरलें, कीं या दुबळ्या गांठी सुटतात व केस मऊ होतो. त्या स्थितींत त्याला वळवून ठेवलें आणि पाणी सावकाश निघून जाऊं दिलें, तर गांठी नव्या जागीं, नव्या वळणांत बसतात. सुती लुगडें पिळा तसाच ठेवून वाळूं दिलें, तर पडलेल्या चुण्या हात फिरवून जात नाहींत. तेथेंहि असाच प्रकार घडतो. लीड्स येथें विल्यम ॲस्टबरी यांनीं १९३० नंतरच्या दशकांत क्ष-किरणांच्या साह्यानें लोंकर व केस तपासले, आणि ताणल्यावर त्यांच्या रेणूंची घडण बदलते असें दाखविलें. १९५१ सालीं लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या रेणूची मूळ घडण मळसूत्रासारखी असल्याचें मांडलें. म्हणजे सरळांत सरळ केसाच्या पोटांतहि एक अदृश्य वळण आहेच.

केसाचें पाण्याशीं नातें किती जवळचें आहे, हें जिनीव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनीं १७८३ सालींच जगापुढें मांडलें होतें. हवा दमट झाली कीं केस लांबतो, कोरडी झाली कीं आंखडतो. पुरत्या कोरड्या हवेपासून पुरत्या दमट हवेपर्यंत हा फरक शेंकडा दोन-अडीच भरतो. या गुणाचा उपयोग करून त्यांनीं हवेंतील ओलावा मोजण्याचें यंत्र केलें, आणि तशीं केसाचीं यंत्रें पुढें वेधशाळांतून दीर्घकाळ वापरांत राहिलीं.

मग तापलेला चिमटा काय करतो? तोहि ओलावा हांकलून गांठी नव्या जागीं बसवितो. जें काम रात्र सात-आठ तासांत करते, तें चिमटा कांहीं सेकंदांत करतो. परंतु त्यासाठीं तो १५० ते २०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलेला असतो. पाणी १०० अंशांवर उकळतें. म्हणून ओलसर केसांना असा चिमटा लावला, तर केसाच्या आंतील पाण्याची वाफ होऊन केसांत बुडबुडे धरतात, आणि केस तेथेंच मोडतो. वारंवार तापविल्यानें बाहेरचे सूक्ष्म खवले तडकतात व चमक जाते. औषधांनीं गंधकाच्या गांठी तोडून पुन्हां जोडण्याचीहि पद्धति आहे. तिचें वळण धुण्यानें जात नाहीं, पण तींतहि केस दुबळा होतो. आपण पाहणार आहों ती रीत फक्त दुबळ्या गांठींना हात लावते. म्हणूनच ती निर्धोक आहे, आणि म्हणूनच तात्पुरतीहि आहे.

रीत अशी. सायंकाळीं शिकेकाईनें न्हावें. तेलाचा अंश राहूं देऊं नये, कारण तेलाच्या भारानें बट सैल पडते. केस इतके वाळवावे, कीं हाताला नुसता गारवा लागेल. येथेंच पुष्कळांची चूक होते. चिंब ओले केस गुंडाळले म्हणजे बट चांगली धरेल, अशी समजूत असते. पण गुंडाळीच्या पोटांतील ओल सकाळपर्यंत निघत नाहीं, आणि बट बसण्यापूर्वींच सोडली जाते. जुन्या मलमलीच्या किंवा मऊ लुगड्याच्या दोन बोटें रुंद व वीतभर लांब पट्ट्या घ्याव्या. केसांचे सहा ते आठ भाग पाडून विंचरावे. प्रत्येक भागाचें टोंक पट्टीच्या मध्यावर ठेवून केस तिच्याभोंवतीं गुंडाळीत डोक्यापर्यंत आणावे, आणि पट्टीचीं दोन टोंकें एकमेकांस बांधावीं. भाग लहान घेतले तर बटा बारीक येतात. मोठे घेतले तर सैल लाटा येतात. नुसत्या लाटाच हव्या असतील, तर दोन-चार तिपेड्या वेण्या पुरतात.

बट अधिक टिकावी असें वाटल्यास चटणीचे जवस उपयोगी पडतात. कपभर पाण्यांत चमचाभर जवस घालून ढवळीत उकळावें. पाणी पातळ खळीसारखें बुळबुळीत झालें, कीं गरम असतांनाच फडक्यांतून गाळावें, आणि निवल्यावर गुंडाळण्यापूर्वीं केसांना बोटांनीं थोडेसें लावावें. वाळल्यावर त्याचा पातळ लेप वळणाला आधार देतो.

गुंडाळ्या मुळाशीं ताणून बांधूं नयेत. तशी ओढ नित्याची झाली, तर कपाळाच्या कडेचे केस विरळ होऊं लागतात. डोक्याला मऊ फडकें बांधून निजावें. सकाळीं एकच गुंडाळी सोडून आंतले केस गालाला लावून पाहावे. गार लागले तर अजून ओल आहे. बाकीच्या तशाच राहूं द्याव्या. कोरडे लागले तर सर्व सोडाव्या, आणि फणी न लावतां बोटांनींच बटा मोकळ्या कराव्या.

आतां आपल्या दोन जिल्ह्यांच्या हवेचा विचार करूं. कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावून वाई, कराड करीत सांगलीस येते. तिच्या उगमाशीं वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडील माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो सुमारें ५०० मिलिमीटर असतो. म्हणून एकाच रीतीचें फळ निरनिराळें मिळतें. वैशाखांत जतकडे गुंडाळलेले केस लवकर वाळतात व बटा पुष्कळ वेळ राहतात. श्रावणाच्या झडींत महाबळेश्वर-साताऱ्याकडे एक रात्रहि अपुरी पडते. आणि बटा नीट सुटल्या तरी दमट हवा त्यांच्या गांठी हळूहळू सैल करते. अशा दिवसांत केस अधिक वाळवून, लहान भाग घेऊन, दुपारींच गुंडाळावे आणि पंख्याखालीं बसावें. कार्याच्या आदल्या रात्रीं हा प्रयोग प्रथमच करूं नये. आठ दिवस आधीं एकदां करून पाहावा, म्हणजे आपल्या केसांना किती वेळ लागतो तें कळतें.

जन्मतः कुरळ्या केसांच्या मुलींविषयीं शेवटीं दोन शब्द. ज्या कूपांतून त्यांचा केस उगवतो, तो कूपच वांकडा असतो, आणि केसाचा छेद लंबगोल असतो. त्यांचे केस विस्कटलेले नसतात. ते तसेच घडलेले असतात. तेल थापून व ओढून ते सरळ करण्याचा हट्ट वडील माणसांनीं सोडावा. तरीहि हौसेला जागा आहे. सरळ केसांची मुलगी एका दिवसापुरत्या बटा मागते, आणि कुरळ्या केसांची मुलगी एका दिवसापुरते सरळ केस. दोघींनाहि तें पाण्यानें व वेळानें देतां येतें, आणि पुढच्या न्हाणाला केस होते तसे परत मिळतात. चार वर्षांत वाढलेली वेणी एका सकाळीं तापलेल्या चिमट्याच्या स्वाधीन करण्यापूर्वीं घरांतल्या आई-आजीनें मुलीला एवढें समजावून सांगावें.